मदतीत आजीचा वाटा किती?

पाऊस लागून राहिला, की टीव्हीवर दरवर्षी तीच दृश्यं दिसायला लागतात. छातीएवढं पाणी, पत्र्यावर चढून बसलेली माणसं, दोरीच्या आधारानं पुढे सरकणारी बोट. बघवत नाही आणि टीव्ही बंदही करवत नाही! मग आपण बायका कामाला लागतो. कपाटातल्या साड्या निघतात, भिशीतल्या मैत्रिणींना फोन जातात, कुणी पोळ्या लाटायला बसतं, कुणी बिस्किटांचे पुडे आणतं. संध्याकाळपर्यंत टेम्पो भरतो आणि दुसऱ्या दिवशी रवाना होतो. हे सगळं मनापासून केलेलं असतं, त्यात खोट काढायचं कारण नाही.

पण मैत्रिणींनो, त्या टेम्पोत काय काय चढलं ते एकदा आठवून बघा. लहान मुलांसाठी दूध पावडर असते, वह्या-पुस्तकं असतात. बायकांसाठी साड्या असतात, सॅनिटरी नॅपकिन असतात. पुरुषांसाठी शर्ट-पँट. आणि आजीसाठी? पंच्याहत्तरीच्या आजोबांसाठी? त्यांचा चष्मा पुरात गेलेला असतो. कवळी उशाशी पाण्याच्या वाटीत ठेवलेली असते, ती वाटीसकट वाहून जाते. बीपीची गोळी दोन दिवस चुकलेली असते. काठी नाही म्हणून छावणीतल्या संडासापर्यंत जाता येत नाही, आणि सारखं जावं लागू नये म्हणून आजी पाणीच कमी पितात! यातली एकही वस्तू फार महाग नाही. पण ती मागायला आजी पुढे येत नाहीत. 'आधी पोराबाळांचं बघा, माझं काय आता...' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि आपणही ते वाक्य खरं मानून पुढे जातो.

एकाच तालुक्याची दोन टोकं

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातलं नेरे हे गाव घ्या. हिंजवडीच्या आयटी पार्कजवळचं गाव. शेतीवाडीच्या शेजारी उंच इमारती आल्या, नव्या सोसायट्या आल्या, पगारदार माणसं आली. गावच्या बायकांचे बचत गट आणि सोसायटीतली महिला मंडळं अशा भागात हाकेच्या अंतरावर असतात. मदत उभी करायची ताकद इथे आहे.

याच तालुक्याच्या पश्चिमेला ताम्हिणी आहे, डोंगराच्या कुशीतल्या वाड्या आहेत. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. त्याच दिवसांत लवासाला दरड आली. म्हणजे एका टोकाला मदत देऊ शकणारी गावं आणि दुसऱ्या टोकाला मदतीची वाट बघावी लागेल अशी गावं, आणि मधे जेमतेम काही तासांचा एस.टी.चा रस्ता. डोंगरातल्या वाड्यांतून तरुण पोरं कामासाठी हिंजवडी-पुण्याकडे येतात. घर राखायला मागे राहतात ती म्हातारी माणसं. त्यामुळे उद्या काही झालंच, तर दारात उभी असणार आहे ती आजी! म्हणूनच 'मदतीत आजीचा वाटा किती?' हा प्रश्न नेरे आणि आसपासच्या बायकांनी आधी विचारायला हवा.

महाराष्ट्रात दर शंभर माणसांत जवळपास दहा जण साठीच्या पुढचे आहेत, असं २०११ ची जनगणना सांगते. आता त्यात भरच पडली असणार. आणि निसर्ग कोपला, की घाव सगळ्यांत जास्त याच माणसांवर बसतो. जपानमध्ये कोबे शहराला १७ जानेवारी १९९५ रोजी भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची होती. अमेरिकेत २००५ साली कतरिना वादळ आलं. लुइझियाना राज्यात त्या वादळानं जे बळी घेतले, त्यातले जवळपास निम्मे पंच्याहत्तरी ओलांडलेले होते. इतक्या श्रीमंत देशांची ही गत, तर आपल्याकडच्या वाडीवस्तीचं काय सांगावं?

किल्लारीनं काय शिकवलं?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याची जमीन हादरली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद! ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या ऊन-पाऊस अडवला, तीच घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळपास ८ हजार माणसं गेली.

त्यानंतर महाराष्ट्र अक्षरशः धावून गेला. गावोगावच्या शाळांनी पैसे जमवले, वर्तमानपत्रांनी निधी उभे केले, देशाबाहेरूनही मदत आली. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. काही गावं संस्थांनी दत्तक घेतली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं. ती मुलं शिकली, उभी राहिली. केवढं मोठं काम!

मुलांची अशी यादी झाली. पण ज्या आईबापांचा कर्ता मुलगा गेला, सून गेली, त्यांची यादी किती गावांत झाली असेल? मुलांना संस्था मिळते, कारण मुलांना 'पुढे' आयुष्य आहे असं आपण मानतो. सत्तरीच्या माणसालाही अजून दहा-पंधरा वर्षं काढायची असतात. तीही पुढचीच वर्षं ना?

घरांचंही तसंच. नव्या गावांत घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली. भूमिहीन आणि अगदी कमी जमीन असलेल्यांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना चारशे, मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे. रुंद रस्ते, सरळ रांगा, पक्की बांधकामं. भूकंपात टिकतील अशी घरं हवीच होती. पण जुन्या गावात घरं दाटीनं होती, दारापुढे ओटा होता, भावकी भिंतीला भिंत लावून राहायची. म्हातारं माणूस ओट्यावर बसलं, की येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जायचा. सून शेतात गेली तरी शेजारीण हाक मारायची. नवं गाव ऐसपैस झालं, शेतं लांब गेली, आणि घरात राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला चार भिंती आल्या. पैसे खर्च झाले, घर मिळालं, पण ज्यांचा सगळा दिवस त्या घरातच जाणार होता त्यांना 'तुम्हाला घर कसं हवं?' हे किती जणांनी विचारलं?

जपानच्या कोबेमध्ये तर याहून वेगळाच धडा मिळाला. तिथे म्हाताऱ्यांची काळजी म्हणून तात्पुरती घरं वाटताना त्यांना पहिला मान दिला गेला. हेतू किती चांगला! पण त्यामुळे त्यांची शेजारपाजारची माणसं मागे राहिली आणि सगळी वृद्ध, एकटी माणसं अनोळखी वसाहतीत एकत्र येऊन पडली. पुढे त्या घरांत एकट्यानं मरून पडलेल्या, उशिरा सापडलेल्या माणसांच्या बातम्या येऊ लागल्या. घर दिलं, पण सोबत तुटली. म्हणून आजीला मदत करायची, तर तिला तिच्या माणसांतून उचलून वेगळं काढायचं नाही, हे आधी पक्कं करायला हवं.

आपल्याच जिल्ह्यातलं माळीण

किल्लारी लांब वाटत असेल, तर आपल्याच पुणे जिल्ह्यातलं माळीण आठवा. ३० जुलै २०१४, बुधवारची सकाळ. आंबेगाव तालुक्यातल्या या छोट्या आदिवासी गावावर डोंगर खाली आला. रोजच्या रस्त्यानं आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसलंच नाही, आणि मग जगाला कळलं. १५१ माणसं गेली. मदत तिथेही भरपूर आली. सरकारनं, संस्थांनी हात दिला. पण नवं गाव उभं राहून त्याचा कार्यक्रम झाला तो २ एप्रिल २०१७ रोजी. म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ माणसं पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत होती. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसात आवाजानं झोप लागत नाही. तरुण माणूस दिवसभर कामाला बाहेर जातो. म्हातारं माणूस चोवीस तास त्या पत्र्याखालीच असतं.

आता हिशेब करा. वर्तमानपत्रात बातम्या किती दिवस येतात? पंधरा दिवस, फार तर महिना. आपले टेम्पो जातात तेही याच काळात. आणि म्हाताऱ्या माणसाची गरज कधी वाढते? बातम्या संपल्यावर! आधी अंगावरच्या जखमा बऱ्या होतात. मग गुडघे धरतात, झोप उडते, गोळ्यांचा खर्च अंगावर येतो, आणि गेलेल्या लेकाचं दुःख तेव्हा खरं आत उतरतं. दहाव्या दिवशी ढीगभर साड्या आणि दहाव्या महिन्यात कुणीच नाही, असं होऊन बसतं.

पैसा येतो कुणाच्या नावानं?

सरकारी मदतीची रीत बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. तेव्हा सरकारनं पूरग्रस्तांना ग्रामीण भागात कुटुंबामागे १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये दिले. धान्य दिलं तेही कुटुंबाला, १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ. पंचनामा होतो तो घराचा. खातं असतं ते कुटुंबप्रमुखाचं. तातडीच्या वेळी असंच करावं लागतं, हे मान्य. पण त्या कुटुंबात आजीचं नाव कुठेच वेगळं नसतं. मुलगा-सून चांगले असले तर प्रश्न नाही. पण घरच पडलेलं, दुकान बुडालेलं, कर्ज डोक्यावर! अशा वेळी चांगल्या घरातही आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं जातं. कुणाचा वाईटपणा नसतो, ओढाताणच तशी असते.

कुणी दगावलं तर सरकारकडून वारसांना ४ लाख रुपये मिळतात. इथे एक गोष्ट बायकांना माहीत असावी. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको-मुलांबरोबर आईही येते. वडील मात्र त्या वर्गात येत नाहीत. आदिवासी समाजांना हा कायदा सरसकट लागू नाही, तिथे त्यांच्या रूढी बघितल्या जातात. सांगायचा मुद्दा भांडण लावायचा नाही. सुनेचा हक्क पहिला आणि तो तिला मिळालाच पाहिजे. पण त्याच घरात लेक गमावलेली आईही आहे, हे कागद करताना विसरलं जाऊ नये.

आणि देणगीचं काय? ती तरी म्हाताऱ्यांपर्यंत वेगळी पोहोचते का? 'हेल्पएज इंटरनॅशनल' ही ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थांची जगभरची संघटना आहे. तिनं आणखी एका संस्थेबरोबर एक तपासणी केली. २०१० आणि २०११ या दोन वर्षांत संकटग्रस्तांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आवाहनातून मांडल्या गेलेल्या सहा हजारांवर प्रकल्पांची कागदपत्रं पाहिली. ज्येष्ठांसाठी म्हणून खास एखादं तरी काम असलेले प्रकल्प निघाले फक्त ४७! शंभरात एकसुद्धा नाही. जगाच्या मोठमोठ्या दात्यांचीही आपल्या टेम्पोसारखीच गत. मनात दया भरपूर असते, पण यादीत आजी नसते.

जिथे जमलं, तिथे कसं जमलं?

निराश व्हायचं कारण नाही. जमलेलीही उदाहरणं आहेत. 'हेल्पएज इंडिया' ही संस्था १९७८ पासून आपल्या देशात ज्येष्ठांसाठी काम करते. शाळकरी मुलांनी घरोघर जाऊन या संस्थेसाठी पैसे गोळा केल्याचं काहींना आठवत असेल. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावरची कोळी गावं उद्ध्वस्त झाली. तेव्हा या संस्थेनं दोन कामं केली. ज्यांचं कुणीच उरलं नव्हतं अशांसाठी कडलूरजवळ तामरैकुळम इथे सुमारे शंभर ज्येष्ठांना एकत्र राहता येईल असं गाव वसवलं. आणि ज्यांची घरं-माणसं होती, त्यांना त्यांच्याच गावात ठेवून ज्येष्ठांचे बचत गट सुरू केले.

होय, म्हाताऱ्या माणसांचे बचत गट! आपल्या गटासारखेच. दहा-वीस जण, महिन्याला थोडीशी बचत, संस्थेकडून देणगीतून मिळालेलं थोडं बीजभांडवल, आणि त्यातून एकमेकांना लहान कर्ज. कुणी शेळी घेतली, कुणी सुकी मासळी विकायला बसलं, कुणी छोटं दुकान टाकलं. 'या वयात कर्ज कशाला?' असं आपण म्हणू. पण ज्या आजीच्या कनवटीला स्वतःचे चार पैसे असतात, तिला घरात विचारलं जातं. नातवाला खाऊ द्यायला तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. शिवाय महिन्यातून एकदा बैठकीला जायचं म्हणजे घराबाहेर पडणं आलं, चार जणींत बोलणं आलं. ओटा गेला होता ना, तो असा परत मिळतो!

दुसरं उदाहरण पुन्हा आपल्या मराठवाड्यातलं. किल्लारीनंतर लाखो घरांची दुरुस्ती आणि मजबुती करायची होती. लोकांना सरकारी कागद कळत नव्हते आणि अधिकाऱ्यांना घराघरातल्या अडचणी. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावोगावच्या बायकांना पुढे केलं. बाराशेहून अधिक गावांत महिला 'संवाद सहायक' झाल्या. त्या घरोघरी जायच्या, माहिती सांगायच्या, अडचणी वर पोहोचवायच्या. कोणत्या घरात कोण आहे, कुणाला काय कमी आहे, हे गावच्या बाईइतकं कुणाला कळणार? मदत आजीपर्यंत न्यायची असेल, तर रस्ता हाच आहे. आजीला शोधायला मोठा सर्व्हे लागत नाही, दार वाजवणारी ओळखीची बाई लागते.

मग आपण काय करायचं?

थोडक्यात सांगायचं, तर आपल्या मदतीतला एक हिस्सा म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळा काढायचा, तो त्यांच्या हातात द्यायचा, आणि तो बातम्या संपल्यावरही चालू ठेवायचा. हे कसं जमेल ते बघू.

पहिली गोष्ट, गटात वेगळी पेटी. महिन्याला प्रत्येकीनं १० रुपये टाकले आणि गटात १५ जणी असल्या, तर वर्षाचे १,८०० रुपये होतात. नेरे आणि शेजारच्या गावांतले दहा गट एकत्र आले, तर १८ हजार. ही रक्कम लहान वाटेल, पण चष्मे, काठ्या आणि गोळ्यांसाठी ती मोठी आहे. संकट यायच्या आधी पेटी भरलेली असावी, म्हणजे पाऊस लागल्यावर वर्गणी मागत फिरायला नको. पेटीचा हिशेब दोघींच्या सहीनं ठेवा. गटाबाहेर, लोकांकडून जाहीर वर्गणी गोळा करायची असेल, तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्या.

दुसरी गोष्ट, सामान विचारून पाठवा. आजीच्या पिशवीत काय असावं? काठी, बॅटरी, गरम शाल, घसरणार नाहीत अशा चपला, मऊ भात किंवा खिचडीसाठी तांदूळ-मूगडाळ, गुळगुळीत झाकणाची नको तर सहज उघडेल अशी पाण्याची बाटली, लघवीचं भांडं, मोठ्यांचे डायपर, नऊवारी नेसणाऱ्या असतील तर नऊवारीच लुगडं. पाचवारी साडी कितीही भारी असली, तरी जन्मभर नऊवारी नेसलेल्या आजींना ती अवघडच! गोळ्या मात्र अंदाजानं पाठवू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषध घ्यायला पैसे द्या, किंवा डॉक्टरांना बरोबर न्या.

तिसरी गोष्ट, कागदपत्रांची मदत. म्हाताऱ्या माणसाला पैशाइतकीच गरज असते ती कुणीतरी तहसीलपर्यंत सोबत येण्याची. पुरात आधार कार्ड, पासबुक, रेशन कार्ड सगळं जातं. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. ६५ वर्षांवरच्या निराधार, गरीब ज्येष्ठांना श्रावणबाळ योजनेतून पेन्शन मिळते. २०२३ मध्ये ही रक्कम महिना १,५०० रुपये झाली. २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. तिच्यात ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये देण्याची तरतूद केली आहे. एस.टी.नं ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास दिला. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची मोफत हेल्पलाइन २०२१ मध्ये सुरू झाली आहे. योजना आहेत, पण फॉर्म भरून देणारं माणूस हवं. गटातल्या दोन शिकलेल्या मुलींनी एक दिवस दिला, तर त्याची किंमत हजारोंच्या देणगीएवढी होते.

चौथी गोष्ट, तारीख लावून घ्या. संकट ऑगस्टमध्ये आलं, तर दिवाळीत एकदा, संक्रांतीला एकदा आणि पुढच्या पावसाआधी एकदा त्याच घरी जायचं. जाताना मोठी गाडी आणि फोटो काढणारा नको. दोघी-तिघींनी जावं, चहा घ्यावा, तास-दीड तास बसावं. 'काय आणू?' यापेक्षा 'कसं चाललंय, मावशी?' हे विचारावं. उत्तरातून काय आणायचं ते आपोआप कळतं.

पाचवी गोष्ट, संस्थेला पैसे द्यायचे तर डोळसपणे द्या. नोंदणी क्रमांक विचारा, पावती घ्या, प्राप्तिकराच्या ८०जी कलमाखाली सवलतीचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. जुन्या करपद्धतीत राहिलेल्यांनाच ही सवलत मिळते, हेही ध्यानात असू द्या. आणि एक प्रश्न नक्की विचारा, 'यातला किती भाग ज्येष्ठांसाठी आहे? आणि सहा महिन्यांनंतर कोण जाणार आहे?' देणारी बाई असा प्रश्न विचारते म्हटल्यावर संस्थाही विचार करायला लागते.

आपल्या घरापासून सुरुवात

आणि हो, हे सगळं करताना आपल्या घरातल्या सासूबाईंना, आईला विसरू नका! पावसाळ्याआधी त्यांचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र बांधा. गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरात लिहून त्याच पिशवीत ठेवा. जुना चष्मा टाकून न देता जादाचा म्हणून ठेवा. नातेवाइकांचे फोन नंबर कागदावर लिहा, कारण मोबाइलची बॅटरी संपली की आपल्यालाही एक नंबर आठवत नाही. डोंगराच्या पायथ्याशी किंवा नदीकाठी घर असेल, तर म्हाताऱ्यांना पाणी दाराशी यायच्या आधी हलवा. 'मी नाही जायची माझं घर सोडून' असं त्या म्हणतील. त्यांच्यावर ओरडू नका. त्यांच्या देव्हाऱ्यातला देव आधी पिशवीत घ्या, मग त्याही निघतील.

किल्लारीला आता तीस वर्षं उलटून गेली, माळीणलाही दहा वर्षं होऊन गेली. दोन्हीकडे पैसा आला आणि माणसंही धावून गेली. पुढच्या वेळी त्यात एवढीच भर घालू या, की टेम्पो भरताना कुणीतरी मोठ्यानं विचारेल, 'आजींचं काय घेतलं?' आणि त्याचं उत्तर देता येईल अशी एक पेटी आपल्या गटात तयार असेल. या महिन्याच्या बैठकीत हा विषय काढाल ना?